फॉस्फो-स्टॅट-१ ची अँटीबॉडी : हवा तिथे बँड नाही, नको तिथे आहे

जांभूळ

नमस्कार. जीवशास्त्रातली बरीच मंडळी इथे वावरतात हे 'पीएचडीनंतर काय' या धाग्यावर कळलं, म्हणून इथेच विचारते.

मी परळच्या एका संस्थेत पीएचडी करते. निरोगी माणसांच्या रक्तातून पीबीएमसी (पांढऱ्या पेशींचा एक गट) काढायच्या, त्यांना इंटरफेरॉन गॅमा (पेशींना निरोप देणारं प्रथिन) द्यायचा आणि आतलं स्टॅट-१ हे प्रथिन किती सक्रिय होतं ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून शोधायची पद्धत) बघायचं, असं सध्याचं काम आहे. अँटीबॉडी दोन आहेत, दोन्ही सशातल्या. एक एकूण स्टॅट-१ पकडणारी, दुसरी फक्त टायरोसिन ७०१ वर (प्रथिनातलं ७०१ वं अमिनो आम्ल) फॉस्फेट बसलेलं, म्हणजे सक्रिय झालेलं, स्टॅट-१ पकडणारी.

पहिली छान चालते. ९१ आणि ८४ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं माप) दोन बँड, म्हणजे पट्टे, येतात आणि इंटरफेरॉन दिलेल्या लेनमध्ये जास्त गडद येतात. दुसरीचं मात्र काही खरं नाही. ९१ ला मेंब्रेन कोरं, आणि ५० च्या आसपास एक जाडजूड बँड, इंटरफेरॉन दिलेलं असो वा नसो. पॉन्सो (प्रथिनं रंगवणारा लाल रंग) करून बघितलं, ट्रान्सफर नीट झालंय. ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेंब्रेन आधी झाकणं) पाच टक्के दुधात, धुणं पीबीएसटी या फॉस्फेटच्या बफरने, जसं सीनियरने लिहून ठेवलंय तसंच.

मॅडम म्हणतात अँटीबॉडी खराब आहे, दुसऱ्या कंपनीची मागव. १०० मायक्रोलिटरच्या कुपीला चाळीस-पन्नास हजार जातात, आणि इंडेंटपासून कुपी हातात पडेपर्यंत दिवाळी येईल. तर कुठली घ्यावी? कोणाचा अनुभव?

चकली

वाचतेय. आमच्याकडे स्टॅट-३ चं हेच रडगाणं चालू आहे.

ठाणे_स्लो

नवीन मागवण्याआधी थांबा. चालणारा पॉझिटिव्ह कंट्रोल लावलाय का? हेला (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) पेशींना इंटरफेरॉन देऊन त्या फोडून काढलेलं लायसेट त्याच जेलवर चालवा. तिथे ९१ ला बँड आला तर अँटीबॉडी ठणठणीत आहे आणि गोची तुमच्या सॅम्पलमध्ये आहे. तिथेही नाही आला तर मग कंपनीला मेल टाका, बहुतेक कंपन्या बदलून देतात.

दुसरं म्हणजे दूध बंद करा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. फॉस्फो अँटीबॉडीला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). आणि पीबीएसटीऐवजी फॉस्फेट नसलेला टीबीएसटी, फॉस्फेटचा बफर कशाला हवाय तिथे?

तिरकस

केसीनची ही गोष्ट प्रत्येक लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. डेटाशीट उघडून बघा, कित्येक फॉस्फो अँटीबॉडींच्या शिटवर कंपनीनेच दुधात ब्लॉक करायला सांगितलेलं असतं, फक्त प्रायमरी (आपल्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटीबॉडी) बीएसएमध्ये घालायची. मी वर्षानुवर्षं दुधात ब्लॉक करतो, बँड येतात. दुधामुळे बँड फिका पडेल एक वेळ. साफ गायब होणार नाही.

ठाणे_स्लो

तिरकस, तुमच्याकडे चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही. पण शिटवर जे लिहिलंय ते करा, याला माझी हरकत नाही.

मनमौजी

मी बँकेतला माणूस, चुकून या धाग्यावर आलो आणि बाहेर पडता येत नाहीये. कोणी साध्या मराठीत सांगेल का की ही अँटीबॉडी बाटलीत काय करते? ती तर शरीरात असते ना?

फणसपोळी

मनमौजी, शरीरातलीच. कोविडमध्ये ज्यांच्या नावाने आपण रिपोर्ट काढत होतो त्याच. ससा किंवा उंदीर यांना एखादं प्रथिन टोचलं की त्यांचं शरीर त्याला चिकटणारी अँटीबॉडी बनवतं. ती काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. लॅबमध्ये पेशी फोडून त्यातली हजारो प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करायची, मेंब्रेनवर उतरवायची आणि वर ही अँटीबॉडी सोडायची. ती आपल्या प्रथिनाला चिकटते. मग तिला चिकटणारी दुसरी, म्हणजे सेकंडरी अँटीबॉडी घालायची, जिच्यावर एचआरपी नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. त्यावर रसायन टाकलं की उजेड पडतो आणि कॅमेऱ्यात पट्टा दिसतो. तोच बँड.

गोम अशी की दादर स्टेशनवर उभं राहून 'ओ पाटील!' अशी हाक मारली तर तुमचेच पाटील वळतील असं नाही. जांभूळताईंच्या मेंब्रेनवर ५० ला कोणीतरी भलताच वळून बघतोय.

आणि स्टॅट-१ म्हणजे निरोप्या. इंटरफेरॉन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर येऊन बसतो. आतली जॅक-१ आणि जॅक-२ ही एन्झाइमं स्टॅट-१ वर फॉस्फेट चढवतात, मग दोन स्टॅट-१ जोडीने केंद्रकात जातात आणि तिथली जनुकं चालू करतात. त्या फॉस्फेटवरच यांचं सगळं अडलंय.

मनमौजी

कळलं! म्हणजे पाटील आले की नाही एवढ्यासाठी पन्नास हजार. बरंय आमचं बँकेत.

खारघरवाला

जांभूळ, एक बारीकसा प्रश्न. इंटरफेरॉन किती मिनिटं देता?

जांभूळ

मिनिटं? चोवीस तास. सीनियरचा प्रोटोकॉल तसाच आहे. ती त्याच प्लेटमधून सायटोकाइन (पेशींनी बाहेर सोडलेली निरोपाची प्रथिनं) मोजायची, म्हणून.

खारघरवाला

घ्या! सायटोकाइनसाठी चोवीस तास बरोबर आहेत, फॉस्फोसाठी नाहीत.

टायरोसिन ७०१ वरचं फॉस्फेट पंधरा मिनिटं ते अर्धा तास या वेळात भरात असतं. नंतर फॉस्फटेज नावाची एन्झाइमं ते उतरवायला लागतात आणि काही तासांत सिग्नल ओसरतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही लायसेट करता तोवर तमाशाचा तंबू उठलेला असतो. तुमची एकूण स्टॅट-१ वाली अँटीबॉडी इंटरफेरॉनच्या लेनमध्ये जास्त गडद बँड दाखवते ना? तोच पुरावा. स्टॅट-१ चं जनुक स्वतःच इंटरफेरॉनमुळे चालू होतं, त्यामुळे चोवीस तासांनी प्रथिन वाढलेलं आणि फॉस्फेट गेलेलं, हे अगदी पुस्तकी चित्र आहे. मला तुमच्या ब्लॉटमध्ये ९१ च्या बाबतीत काहीच चुकीचं दिसत नाही.

१५, ३० मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तास अशा लेन लावा. शेजारी एका लेनमध्ये आधी रुक्सोलिटिनिब हे औषध देऊन मग इंटरफेरॉन. ते जॅक-१ आणि जॅक-२ अडवतं, त्यामुळे खरा बँड असेल तर तिथे गायब व्हायला हवा. नाही झाला तर तो बँड संशयित.

पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये फॉस्फटेजना अडवणारं ऑर्थोव्हॅनाडेट आहे ना? ते नुसतं विरघळवून चालत नाही. पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळायचं, पुन्हा पीएच बघायचा. पिवळसर राहिलं तर ते अर्धवट आहे. आणि बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेट मारलं जातं.

जांभूळ

व्हॅनाडेट आहे. रंगाचं उद्या बघते. पण मग ५० वाला कोण?

ठाणे_स्लो

सॅम्पल पीबीएमसी, बँड ५० ला, इंटरफेरॉनचा काही फरक नाही. मला तर माणसाच्या स्वतःच्या आयजीजी अँटीबॉडीची हेवी चेन (तिचा मोठा तुकडा) वाटते. पीबीएमसीत बी पेशी असतात, धुणं कमी पडलं तर प्लाझ्माही राहतो. तुमची सेकंडरी सशाच्या आयजीजीवर बनवलेली आहे, पण माणसाची आयजीजी दिसायला फार वेगळी नाही. साधी सेकंडरी तिलाही चिकटते. २५ ला फिकट बँड आहे का? तो लाइट चेनचा असेल.

जांभूळ

खालचा भाग जीएपीडीएचसाठी (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन आहे ना, हे बघायला) कापून वेगळा लावते, तिथे उंदराची प्रायमरी असते. त्यामुळे २५ चं सांगता येत नाही. आणि एकूण स्टॅट-१ लावताना मेंब्रेन ७० च्या वरचंच कापून घेतलं होतं, म्हणून तिथे ५० दिसला नसणार.

ठाणे_स्लो

मग एक पट्टी न कापता घ्या, प्रायमरी घालूच नका, फक्त सेकंडरी. तासाभराचं काम.

निवांत_परळकर

मंडळी, मी निवृत्त तंत्रज्ञ. परळमध्येच आयुष्य गेलं. तुमचं वाचून मजा वाटते.

आमच्या वेळी कुपी यायची नाही, ससा यायचा. फ्रॉइंडच्या अ‍ॅडजुव्हंटमध्ये (प्रतिकार वाढवणारं तेलकट मिश्रण) प्रथिन घोटून घोटून इतकं घट्ट करायचं की पाण्यावर थेंब टाकला तर पसरता कामा नये. मग कातडीखाली चार-पाच ठिकाणी टोचायचं. काही आठवड्यांनी बूस्टर, आणि कानाच्या शिरेतून थोडं रक्त. कान हाताने चोळून ऊबदार करावा लागे, नाहीतर शीर सापडत नसे. सीरम वेगळं केलं की आगरच्या थरात विहिरी पाडून मधे अँटिजन, भोवती सीरम. रात्रभर ठेवलं की सकाळी दोघांच्या मधे पांढरी रेघ. रेघ आली की साहेब चहा सांगायचे.

पण एका सशाचं सीरम दुसऱ्या सशासारखं कधीच नसायचं. ससा मेला की ती अँटीबॉडी संपली. तुमच्या कंपनीच्या पॉलिक्लोनलच्या (सशाच्या सीरममधल्या अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण) कुपीवर लॉट नंबर असतो त्याचा अर्थ एवढाच, की यावेळी ससा वेगळा. ताई, मागच्या सीनियरच्या वहीत लॉट नंबर आहे का ते बघा.

चकली

काका, अजून लिहा ना! स्वतंत्र धागा काढा.

निवांत_परळकर

लिहीन सवडीने. हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तिथून सुरुवात करावी लागेल.

तिरकस

काकांचा मुद्दा लाखमोलाचा. म्हणूनच मी पॉलिक्लोनल घ्यायच्या विरोधात आहे. आता रिकॉम्बिनंट मिळतात. अँटीबॉडीच्या जनुकाचा क्रम माहीत असतो, पेशींमध्ये बनवतात, दहा वर्षांनीही तीच मिळते. कोहलर आणि मिलस्टाइनने १९७५ मध्ये हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी जोडून केलेली पेशी) काढून मोनोक्लोनलचा, म्हणजे एकाच प्रकारच्या अँटीबॉडीचा, रस्ता दाखवला, पण हायब्रिडोमाच्या पेशीही कालांतराने बदलतात, मरतात.

आणि कंपनीच्या शिटवरचा देखणा बँड बघून भुलू नका. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २०२३ मध्ये ६५ प्रथिनांवरच्या ६१४ बाजारी अँटीबॉडींची तपासणी छापली. ते प्रथिन असलेल्या पेशी आणि तेच जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी शेजारी चालवल्या. सरासरीत रिकॉम्बिनंट सर्वांत सरस ठरल्या. त्या तपासणीत कंपन्याही सामील होत्या, आणि नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के त्यांनी बाजारातून काढल्या, ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. विचार करा, त्याआधी किती पेपर त्यांच्यावर उभे असतील!

फणसपोळी

रिकॉम्बिनंट म्हणजे चांगलीच असं मात्र नाही हं. चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी रिकॉम्बिनंट दहा वर्षं तितक्याच इमानाने चुकीच्याच प्रथिनाला चिकटेल. आमच्या लॅबमध्ये एक जुनी पॉलिक्लोनल आहे, ती नव्या महागड्यांपेक्षा स्वच्छ चालते.

तिरकस

ती संपल्यावर भेटू. ह. घ्या.

सोनचाफा

मी बालरोगतज्ज्ञ, लॅबचा माझा अनुभव बेताचा. पण या प्रथिनाचा आमच्या ओपीडीशी संबंध आहे म्हणून लिहिते.

आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी देतात. बहुतेकांच्या दंडावर एक व्रण राहतो आणि विषय संपतो. क्वचित एखाद्या बाळाची काखेतली गाठ सुजते, पिकते आणि लसीतलाच जंतू हाडांत, यकृतात पसरतो. अशा वेळी इंटरफेरॉन गॅमाच्या साखळीतली कुठलीतरी कडी तुटलेली आहे का ते बघावं लागतं, आणि स्टॅट-१ ही त्यातली एक कडी. उलट्या बाजूला असेही रुग्ण असतात ज्यांचं स्टॅट-१ गरजेपेक्षा जास्त कामसू असतं. त्यांच्या तोंडात, नखांत कँडिडाची बुरशी पुन्हा पुन्हा येते. हा प्रकार २०११ मध्ये लक्षात आला.

तपासणी वेस्टर्नवर नाही, फ्लोवर (एकेक पेशी मोजणारं फ्लो सायटोमेट्रीचं यंत्र) होते. ताज्या रक्ताला इंटरफेरॉन गॅमा द्यायचा, लगेच पेशी फिक्स करायच्या आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमधलं फॉस्फो-स्टॅट-१ मोजायचं. आपल्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत प्राथमिक इम्युनोडेफिशियन्सीचं बरंच काम चालतं. शेजारी निरोगी माणसाचं रक्त त्याच दिवशी, त्याच वेळी काढलेलं लागतं. बाळाची आई चालत नाही का, असं नातेवाईक विचारतात. चालत नाही, तिच्यातही तोच दोष असू शकतो. मग कोणीतरी रेसिडेंट बाही वर करतो.

जांभूळ

सोनचाफाताई, हे वाचून बरं वाटलं. फ्लोसाठी हीच अँटीबॉडी चालेल का?

खारघरवाला

ताईंच्या वतीने मी सांगतो : गृहीत धरू नका. ब्लॉटवर प्रथिन एसडीएस या साबणासारख्या रसायनाने उलगडून सरळ झालेलं असतं, फ्लोमध्ये घडी घातलेलं असतं. एकीकडे चालणारी दुसरीकडे आंधळी असू शकते. फॉस्फो-स्टॅटसाठी फॉर्मल्डिहाइडने फिक्स करून थंडगार मिथेनॉलने पेशींना भोकं पाडतात, म्हणजे ती जागा उघडी पडते. पण मिथेनॉल पेशीच्या पृष्ठभागावरचे काही मार्कर खराब करतं, आणि मग मोनोसाइट कुठले हेच कळत नाही. क्लोन, म्हणजे नेमकी कुठली अँटीबॉडी, निवडताना 'मिथेनॉल चालतं' असं लिहिलंय का बघा.

फणसपोळी

अवांतर : ताजं रक्त म्हणाल्या त्यावरून आठवलं. नमुने परळहून खारघरला न्यायचे असले की थर्माकोलचा डबा घेऊन मी हार्बरने जायचे. कुर्ल्याला एकदा आरपीएफच्या बाईंनी अडवलं. 'आत काय आहे?' 'पेशी.' 'कसल्या?' 'माणसाच्या.' पुढची दहा मिनिटं मी आयडी, पत्र, सगळं दाखवत होते आणि मागे बायकांचा घोळका.

मनमौजी

'इडल्या आहेत' म्हणायचं!

फणसपोळी

बाई म्हणाल्या असत्या, उघडा. कोरडा बर्फ असला की डबा घट्ट चिकटपट्टी लावून बंदही करता येत नाही, वायू साठून झाकण उडतं. तेव्हा ते धुकं बाहेर येत होतं, ते बघूनच तर अडवलं.

चकली

बर्फावरून विचारते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची बत्ती गुल झाली होती तेव्हा आमचा उणे वीसचा फ्रीजर बंद पडला होता. त्यातल्या अँटीबॉडी मी अजून वापरतेय. धोका आहे का?

ठाणे_स्लो

कुपीत ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे वीसलाही ती गोठलेली नसतेच, द्रवच असते. काही तासांनी काही बिघडत नाही. खरा त्रास पुन्हा पुन्हा गोठून वितळण्याचा. म्हणून आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज अँटीबॉडीसाठी नको. आणि ज्या कुपीत ग्लिसरॉल नाही तिचे आल्या दिवशीच छोटे भाग करून ठेवा.

वापरलेली प्रायमरी अ‍ॅझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून जपून पुन्हा वापरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, तिला माझी ना नाही. फक्त ते अ‍ॅझाइड सेकंडरीत जाऊ देऊ नका. एचआरपी तिथल्या तिथे बंद पडतं आणि मग लोक प्रायमरीला शिव्या घालतात.

तिरकस

खरेदीचं कोणी बोललंच नाही. जून २०२५ पासून वैज्ञानिक संस्थांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून खरेदीची मुभा मिळाली आहे, आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. अँटीबॉडीची कुपी त्यात सहज बसते. तरी काही ऑफिसांत अजून तीन कोटेशन मागतात. जी अँटीबॉडी जगात एकच कंपनी बनवते तिची तीन कोटेशन कुठून आणायची?

चकली

एकाच वितरकाच्या तीन भावांकडून. :)

जांभूळ

अपडेट द्यायला आले.

हेला मिळाल्या शेजारच्या लॅबमधून. वेळेच्या लेन लावल्या. पीबीएमसीत १५ आणि ३० मिनिटांना ९१ ला ठसठशीत बँड, खाली ८४ लाही एक. तासाभराने उतरलेला, चार तासांना सावलीसारखा, चोवीसला काही नाही. हेलामध्येही ३० मिनिटांना तोच. रुक्सोलिटिनिबच्या लेनमध्ये दोन्ही गायब. ब्लॉकिंग अजून दुधातच केलं होतं, प्रायमरी बीएसएमध्ये, म्हणजे तिरकस आणि ठाणे_स्लो दोघंही खूश.

आणि ५० : फक्त सेकंडरी लावलेल्या पट्टीवर जसाच्या तसा. २५ लाही आहे. हेलाच्या लेनमध्ये ५० नाहीच.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हणजे नवीन अँटीबॉडीचे पैसे वाचले.

तिरकस

अर्धेच वाचले. ९१ चा बँड स्टॅट-१ चाच आहे हे कशावरून?

जांभूळ

रुक्सोलिटिनिबने गेला ना.

तिरकस

जॅकखालचं सगळंच जाईल त्याने. स्टॅट-३ ची फॉस्फेटची जागा टायरोसिन ७०५, आकार ८६ च्या आसपास, इंटरफेरॉन गॅमाने तेही थोडंफार जागं होतं. तुमची फॉस्फो अँटीबॉडी तिथे चिकटत असेल तर? तुमचा ८४ वाला बँड स्टॅट-१ बीटा (स्टॅट-१ चं आखूड रूप) आहे की स्टॅट-३, जेलवर नुसत्या नजरेने मला तरी सांगता येणार नाही. रिव्ह्यूअर विचारेल.

खारघरवाला

इथे तिरकसशी शंभर टक्के सहमत, दिवस लाल करून ठेवा.

यासाठी स्टॅट-१ नसलेल्या पेशी हव्यात. यू३ए नावाची पेशीरेषा आहे, तिच्यात स्टॅट-१ नाही, इंटरफेरॉनच्या अभ्यासासाठीच बनवलेली. तिची मूळ पेशीरेषा २एफटीजीएच शेजारी लावा. मूळ पेशींत बँड, यू३ए मध्ये कोरं, मग तुमच्या अँटीबॉडीवर बोट ठेवायची कोणाची हिंमत नाही. त्या नाहीच मिळाल्या तर हेलामध्ये एसआयआरएनएने (एखाद्या जनुकाचं प्रथिन बनणं दाबणारे आरएनएचे तुकडे) स्टॅट-१ कमी करा. बँड त्या प्रमाणात फिका व्हायला हवा.

दुसरं, तुमची एकूण स्टॅट-१ ची अँटीबॉडी कुठल्या टोकावर बनवलीय? बीटामध्ये शेवटची ३८ अमिनो आम्लं नसतात. सी-टोकावरची असती तर ८४ दिसला नसता. दिसतोय, म्हणजे बहुधा तशी नाही. फॉस्फोची मेंब्रेन स्ट्रिप करून (चिकटलेली अँटीबॉडी धुऊन काढून) त्यावरच एकूण स्टॅट-१ लावा, दोन्ही बँड एकावर एक बसतात का बघा. पुरावा म्हणून हे अपुरं आहे, पण पुढचा महिना शांत झोप लागेल.

सोनचाफा

पीबीएमसी देणाऱ्यांना त्या आठवड्यात सर्दी-ताप होता का, हेही लिहून ठेवा. अंगात आधीच इंटरफेरॉन फिरत असेल तर न दिलेल्या लेनमध्येही स्टॅट-१ वाढलेलं दिसेल.

जांभूळ

हे फॉर्मवर नव्हतं. आजच टाकते.

यू३ए आमच्याकडे नाहीत. मुंबईत कोणाकडे असतील तर कृपया व्यनि करा, एमटीए (नमुने देण्याघेण्याचा करार) वगैरे आम्ही बघू.

चकली

व्यनि केलाय. आमच्याकडे नाहीत, पण आमच्या सरांच्या ओळखीत आहेत.

खारघरवाला

आणि सेकंडरी बदलाच. इंडेंटमध्ये 'माणसाच्या आयजीजीवर क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब केलेली' (म्हणजे माणसाच्या आयजीजीला चिकटणारा भाग आधीच काढून टाकलेली) ही ओळ स्पष्ट लिहा. नाहीतर स्टोअरवाले त्याच कंपनीची स्वस्तातली जुनीच उचलून आणतील, आणि ५० पुन्हा हजर.

जांभूळ

लिहिली. कॅटलॉग नंबरही टाकलाय. कागद मॅडमच्या टेबलावर आहे, त्या गुरुवारी दिल्लीहून येतील.